माटोळीच्या जागेवरचा दिवा काढताना

मा. संपादक,

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांतून मला ठरलेला निरोप येतो : "भाऊ, देवाच्या खोलीतली मधली लायट काढून दे, माटोळीला आड येते." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, तेव्हा मागणी रास्त आहे. नारळ, सुपारीची शिपटी, केळीचा घड, आंबाडे, तोरिंग असा सगळा भार केवणीच्या दोरांनी चौकटीला बांधून वाशांना टांगायचा, आणि नेमका तिथेच जुना लोंबता बल्ब व दोरी ओढून लावायचा स्विच. भिंतीवर आता एलईडीच्या ट्यूबा आल्या आहेत, तेव्हा तो दिवा कोणालाच नको असतो. तो जरूर काढावा. मला काळजी आहे ती काढल्यानंतर वर राहणाऱ्या तारांची.

भिंतीवरच्या स्विचची सवय झाल्यामुळे लोकांना वाटते, बंद केला की छताला वीज नाही. दोरीचा स्विच स्वतःच छताला असतो, म्हणजे फेजची, वीज घेऊन येणारी तार थेट वर आलेली असते. दोरी ओढून दिवा विझवला तरी तिथे २३० व्होल्ट तसेच राहतात. त्यातून कितीतरी घरांत त्याच सीलिंग रोझमधून (दिवा लोंबतो त्या छताच्या गोल डबीतून) फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) पुढे वसरीला (ओसरीला) किंवा स्वयंपाकघराला नेलेले असतात. दोनच तारा असतील असे धरून झाकण उघडावे, तर आत पाच-सहा टोके. ती सगळी सोडवली की वसरी काळोखात जाते. मग कोणीतरी अंदाजाने टोके पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि फळीच्या फटीत कोंबून मोकळा होतो.

ही टेप आमच्या पावसात टिकत नाही. उन्हाळ्यात कौलांखालच्या उष्म्याने तिचा गोंद सुटतो आणि आषाढात एखादे कौल सरकले की पाणी वाशावरून थेट तिथेच उतरते. आमच्या गावात एका घरी असेच उघडे पडलेले टोक माटोळीच्या लोखंडी हुकाला टेकले होते. चौकट अडकवायला स्टुलावर चढलेल्या मुलाचा एक हात ओल्या भिंतीला होता. झटका बसून तो खाली पडला. जिवावरचे टळले, मनगट मोडले. त्या घरात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नव्हती. जुन्या घरांत ती अजूनही फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि माझ्या मते नव्या मखरापेक्षा तिचा खर्च आधी करायला हवा.

इन्व्हर्टरचे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. मेन स्विच पाडला, घरात वीज नाही असे समजून माणूस शिडीवर चढतो. पण दिव्यांची लाइन इन्व्हर्टरवर असेल तर ती जिवंतच असते. म्हणून मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा. टेस्टर आधी शेजारच्या घरच्या चालू प्लगवर लावून बघावा (आपल्या घरात तेव्हा वीज नसते), मग छताच्या प्रत्येक तारेला, आणि पुन्हा एकदा त्या चालू प्लगवर, म्हणजे मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना हे कळते. तारांच्या रंगावर विसंबू नये. जुन्या कामात दोन्ही तारा एकाच रंगाच्या मिळतात.

सर्वांत चांगले म्हणजे ती लाइन मागच्या बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्येच सोडवावी, म्हणजे छतापर्यंत वीज येतच नाही. पुढे वसरीला जाणारी लाइन राखायची असेल, तर येणारा-जाणारा फेज एका कनेक्टरमध्ये, दोन्ही न्यूट्रल दुसऱ्यात, अर्थिंगची तार असेल तर तीही वेगळी जोडून सगळे झाकणाच्या बॉक्समध्ये ठेवावे. बॉक्स दिसेल आणि उघडता येईल असा असावा, माटोळीच्या हुकापासून दूर. तो फळीआड दडवू नये.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलण्याची मुभा आहे. जोडणीत फेरफार करायचा तर परवानाधारक ठेकेदाराचे काम. छतावरचा पॉइंट काढून पुढची लाइन जोडणे हा फेरफारच आहे, तेव्हा शेजारच्या हुशार मुलाला शिडीवर चढवू नका.

आपले दैनिक चवथीच्या पुरवणीत माटोळीच्या फळापानांची माहिती प्रेमाने छापते. त्याच पानावर यंदा मेन, इन्व्हर्टर आणि झाकणाच्या बॉक्सविषयी चार ओळी छापाव्यात, ही विनंती. आणि माझ्या वायरमन बांधवांनो, चवथीच्या आदल्या रात्री घाईचे बोलावणे आले तर त्या दिव्याची लाइन बोर्डातच सोडवून या. उरलेले काम विसर्जनानंतर सावकाश होईल.

— एक परवानाधारक वायरमन, मडकई