नातीचं नाव कुणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये?

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, ताईच्या घटस्फोटाच्या निकालपत्रात ‘विषम वर्षी क्लेम वडिलांचा’ असं आहे (म्हणजे त्या वर्षी नातीला अवलंबित म्हणून वडिलांनी आपल्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं), म्हणून २०२५ साठी तिने फॉर्म ८३३२, म्हणजे तो क्लेम वडिलांना सोडून देणारा फॉर्म, सही करून द्यायचा का, असं तुम्ही विचारलंत. दिला तरी त्याचा उपयोग नाही. तो फॉर्म मूल आईवडिलांच्या ताब्यात असेपर्यंतच चालतो आणि टेक्सासमध्ये ताबा १८ व्या वर्षी संपतो. नात १९ ची आहे. घटस्फोटितांचा खास नियम तिला आता लागूच नाही. बरेच हिशेबनीससुद्धा इथेच चुकतात आणि जुन्या सवयीने फॉर्म जोडत राहतात. मात्र निकालपत्र आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला, बांधत नसलं तरी ताईला बांधतं, तेव्हा तिने आधी वकिलाशी बोलून हे नातीच्या वडिलांना लेखी कळवावं.

आता ताईने नातीला क्लेम करण्याचा साधा नियम: नातीचं वय २४ च्या आत, वर्षातले निदान ५ महिने पूर्णवेळ शिक्षण, आणि निम्म्याहून जास्त वर्ष ताईकडे वास्तव्य. होस्टेलचे दिवस घरचेच धरतात, पण सुट्टीत ती कुठे परतते ते दिसायला हवं. लायसन्स, कॉलेजची नोंद, विमा, सगळीकडे ताईचाच पत्ता ठेवा.

शिवाय नातीने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केलेला नसावा. किती कमावले हा प्रश्न नाही, स्वतःवर किती खर्चले हा आहे. बँकेत साठवले ते मोजत नाहीत, स्कॉलरशिपही नाही. पण तिच्या नावावरच्या शैक्षणिक कर्जातून झालेला खर्च तिचाच धरतात. त्यामुळे मोठं कर्ज एकटीच्या नावावर घेताना आधी हा हिशेब मांडायला हवा.

ताईला यातून ५०० डॉलरचं क्रेडिट (भरायच्या करातून थेट वजावट) मिळेल. शिवाय फी आणि पुस्तकांच्या ४,००० डॉलर खर्चावर २,५०० डॉलरपर्यंत शिक्षणाचं क्रेडिट, ताईचं उत्पन्न ८०,००० च्या आत असेल तर पूर्ण. ते ४ वर्षंच मिळतं. राहणं-जेवण त्यात धरत नाहीत. फी नातीच्या वडिलांनी भरली तरी क्रेडिट क्लेम करणाऱ्याचंच. बाबा, तुम्ही पुण्याहून थेट कॉलेजला पैसे पाठवलेत तरी तेच, तेव्हा त्या काळजीने थांबू नका.

नातीच्या वडिलांनी आधी क्लेम केला तर ताईचं ई-फाइल (ऑनलाइन भरलेलं रिटर्न) परत येईल. तिने आयआरएसकडून सहा अंकी आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) आत्ताच घेऊन ठेवावा. तो घातला की रिटर्न स्वीकारलं जातं. पुढे दोघांनाही पत्र येईल, तेव्हा पत्त्याचे कागद हाताशी लागतील.

आई, एक काम तुझ्याकडे, कारण नात तुझंच ऐकते. कॅम्पसवरच्या नोकरीचं रिटर्न ती मोबाइलवर स्वतः भरते. ‘दुसरं कुणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का?’ या चौकोनात खूण करायलाच हवी. ती राहिली तर ताईचं रिटर्न अडकतं आणि नातीला १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दुरुस्ती करावी लागते. जानेवारीच्या शेवटी वेतनाचा डब्ल्यू-२ हा दाखला आला की तिला फोन कर.

तुमचा,
धाकटा