एफडी मोडू नका, बाबा

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी मध्येच "बरं, ठेवतो" म्हटलं असतं आणि आई रडत बसली असती. म्हणून लिहितोय. आई, बाबांना वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

मी शाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा दिलाय. तो मंजूरही झाला. परमनंट करायला संस्थेनं जो आकडा सांगितला, त्यासाठी तुम्ही एफडी मोडायला निघालात हे मला दादाकडून कळलं. बाबा, ते पैसे तुमच्या गुडघ्यांचे आहेत. भरले असते तरी पद अनुदानावर येईल याची लेखी हमी कुणी देत नव्हतं. खालच्या शेताच्या वेळी काय झालं ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. मी रागाच्या भरात नोकरी सोडली असं समजू नका. पोरांवर माझा जीव होता, अजूनही आहे. पण गणिताचा पोर्शन राहिला की पहिला चित्रकलेचा तास जायचा, आणि मानधन हातात पडेपर्यंत किराणावाल्याची वही भरलेली असायची.

आता घर कसं चालणार, हे आई पहिल्यांदा विचारेल. सांगलीतच विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतलीय, क्लासही तिथेच आणि माझं कामही. गावभागातली जुनी जागा सोडली, त्यामुळे पुराची भीती नाही. जूनमध्ये क्लास भरतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची मुलं सप्टेंबरच्या परीक्षेपर्यंत नेमानं येतात, स्मरणचित्र आणि वस्तुचित्र घासून करून घेतो. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीत 7 गुण वाढतात, त्यामुळे फी द्यायला पालक कुरकुरत नाहीत. आधी गुणांसाठी येतात, त्यातली दोन-चार पोरं चित्रासाठी राहतात. मला तेवढी पुरतात.

परीक्षा संपली की क्लास ओसरतो, हे लपवत नाही. श्रावणात मूर्तींच्या कारखान्यात गणपतीची आखणी असते. डोळे काढायचं काम माझ्याकडेच देतात. बारीक ब्रश, श्वास रोखून एकच रेघ, आणि दोन्ही बुबुळं एका नजरेत आली पाहिजेत. थोडी जरी सरकली तरी मूर्ती भलतीकडेच बघायला लागते. गणपती गेले की दिवाळीपर्यंत हात आखडून राहावं लागतं. पोर्ट्रेटचे पैसे तर पिकाबरोबर येतात. तासगावकडचे बागायतदार "बेदाणा विकला की देतो" म्हणतात. देतातही, पण सौदा लांबला की माझेही पैसे लांबतात. बोर्ड रंगवायचं काम फ्लेक्सनं केव्हाच खाल्लं. आता तर मोबाईलवरच फोटोचं चित्र होतं आणि लोक तेच फ्रेम करून लावतात. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवलंय. तुमच्या सुनेचा पतसंस्थेतला पगार महिन्याच्या महिन्याला येतो. चिऊची फी भरलीय, दूध-भाजी रोज ताजी येते, गॅस कधी संपत नाही. माझं पोट दुखायचं तेही थांबलंय.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. 2019 च्या पुरात इर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या खोलीतली चित्रं गेली, एवढंच तुम्हाला माहीत आहे. पाणी ओसरल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. ज्यांच्या भिंतीवरचे फोटो चिखलात गेले होते ते. कुणी पाहुण्यांच्या लग्नाच्या अल्बममधला कोपऱ्यातला चेहरा आणला, कुणी रेशनकार्डावरचा. एक म्हातारी तर काहीच घेऊन आली नव्हती. शेजारी बसली आणि नवऱ्याचं नाक, भुवया, कानाची पाळी सांगत गेली. मी खोडून खोडून काढत होतो. शेवटी "हां, आता असं वाकडं हसू दे" म्हणाली, आणि ते काढल्यावर पदरानं तोंड झाकून घेतलं. बाबा, मोबाईल हे करणार नाही. हे काम करायला माणूस गावातच हवा आणि त्याला वेळ हवा. माझा वेळ शाळा घेत होती.

आणि ही खोड लावली कुणी? औंधला यमाईचं दर्शन झालं की तुम्ही मला डोंगरावरच्या संग्रहालयात सोडायचात आणि स्वतः बाहेर सावलीला बसायचात. रविवर्म्यांच्या चित्रातल्या लुगड्याचा काठ बघत मी उभा राहायचो, रखवालदार ओरडेपर्यंत. आई, हेन्री मूर या शिल्पकारानं घडवलेल्या त्या दगडी आईलेकराजवळ तू म्हणालीस, "बाईला नाकडोळे धड नाहीत, पण लेकरू कसं घट्ट धरलंय बघ." चित्रात काय बघायचं ते मला त्या दिवशी कळलं. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली एवढी मोठी चित्रं आपल्या औंधात ठेवली, म्हणून एसटीतून उतरून चालत जाणाऱ्या पोराला ती बघायला मिळाली. चित्रकारानं पुण्या-मुंबईलाच जावं असं मला कधी वाटलं नाही, ते यामुळेच. चिऊला दिवाळीत तिथे न्यायचंय, आणि तिला वर तुम्हीच न्यायचंय, बाबा. त्यासाठी गुडघे नीट हवेत.

तेव्हा आता मी सांगतो ते ऐका. एफडीला हात लावायचा नाही. मिरजेच्या डॉक्टरांची तारीख घेतलीय. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. पंचाहत्तरी झाली, एसटी फुकट आहे म्हणून उठून स्टँडवर जाऊ नका. आधार कार्ड, जुने एक्सरे आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत काढून ठेवा. आई, तूही कपडे भर, महिनाभर इकडेच राहायचंय. तुमची राहायची खोली खालच्या मजल्यावर केलीय, संडास कमोडचा आहे, तुझा देव ठेवायला कोनाडा आहे. म्हशीचं काकूंशी बोललोय, त्या बघतील. लोणच्याची बरणी उचलून आणू नकोस, कंबर धरते तुझी. बीपीची गोळी चुकवायची नाही, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही.

दादावर चिडू नका, त्यानं सांगितलं ते बरंच केलं. चार लोक विचारतील, पोरानं नोकरी का सोडली म्हणून. सांगा, क्लास काढलाय, चित्रं काढतो. बाबा, तुम्हाला एवढं सांगायला जड जात असेल तर माझा नंबर द्या, मी बोलेन त्यांच्याशी.

शनिवारी आठपर्यंत पोचतो. चहा तिथेच घेईन, नाश्ता करत बसू नकोस.

तुमचा,
बाळू