कुत्रं शिकवताना मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पेपरच्या घडीतून एक पत्रक पडलं. ‘पंधरा दिवसांत कुत्रा सरळ, हमखास’ असा मजकूर आणि शेजारी गळ्यात साखळीचा फास असलेल्या कुत्र्याचं चित्र. पत्रकं पेपर टाकणारे घालतात हे मला माहीत आहे, दोष आपल्याला देत नाही. पण दोन वर्षांपूर्वी अशाच जाहिरातीवर विश्वास ठेवून मी तीन हजार रुपये मोजले होते आणि ते माझ्या बाजरीनं भोगलं. म्हणून हे पत्र.

माझी कराडात पिठाची गिरणी आहे. ऐन पावसाळ्यात गिरणीच्या ओट्याखाली एक गावठी पिल्लू येऊन बसलं. रंगावरून नाव पडलं बाजरी. सात-आठ महिन्यांची झाल्यावर ती दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उड्या मारायला लागली. एकदा एका बाईंच्या हातून पाच किलो गव्हाच्या पिठाचा डबा रस्त्यावर पालथा झाला. पीठ मी भरून दिलं, पण त्या पुन्हा गिरणीत आल्या नाहीत. ‘धाक असल्याशिवाय कुत्रं ऐकत नाही,’ असं घरात सगळेच म्हणाले. मलाही ते पटलं.

शिकवणारा गृहस्थ सकाळी मोटारसायकलवरून यायचा. गळ्यात साखळीचा फास, ‘बस’ म्हणायचं, साखळीला हिसका द्यायचा आणि मागून खाली दाबायचं. चौथ्या दिवशी बाजरी बसली. आम्ही खूश झालो. दुसऱ्या आठवड्यात मोटारसायकलचा आवाज आला की ती चक्कीच्या मागे शिरायची आणि तिथंच मुतायची. तिसऱ्या आठवड्यात हेल्मेट घातलेलं एक नेहमीचं गिऱ्हाईक दारात आलं, त्याच्यावर तिनं दात काढले. हे तिनं त्याआधी कधीच केलं नव्हतं. त्या दिवशी मी शिकवणी बंद केली.

माझी भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं मला समजावलं ते असं : आपल्याला वाटतं, उडी मारली म्हणून हिसका बसला हे कुत्र्याला कळतं. पण गळ्याला कळ लागते त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर जे असेल, त्याच्याशी ती कळ जोडली जाते. बाजरीसमोर तेव्हा हेल्मेटवाला माणूस, म्हणजे तो शिकवणारा, होता. तिनं तेवढं बरोबर लक्षात ठेवलं.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारी २ ते ४ गिरणी बंद असते. चिकनचा मऊ उकडलेला तुकडा घ्यायचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढाच. मीठ-मसाला, कांदा काही नाही. तो नाकाशी धरायचा आणि हळूच वर, डोक्यावरून शेपटीच्या दिशेनं न्यायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. हात लावायचा नाही, दाबायचं नाही. पाच-सहा वेळा झालं की रिकाम्या हातानं तीच खूण करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा, नाहीतर कुत्रं फक्त तुकडा बघून बसायला शिकतं. ‘बस’ हा शब्द त्यानंतर. एका वेळी पाच मिनिटं पुरतात.

यात मी एक चूक आठवडाभर करत होते. बाजरी बसायची, मी डब्याचं झाकण उघडून तुकडा शोधेपर्यंत ती उठायची आणि उभी असतानाच तिच्या तोंडात खाऊ जायचा. म्हणजे मी तिला उठायचे पैसे देत होते. भाचीनं व्हिडिओ पाहून दाखवलं तेव्हा कळलं. मग तुकडे आधीच मुठीत घेऊन बसायला लागले. आधी मी ‘छान’ऐवजी ‘हां’ म्हणायचे, तेही चुकलं होतं. गिऱ्हाइकांशी बोलताना दिवसभर माझं ‘हां, हां’ चालू असतं, त्यात तिच्यासाठीचं कुठलं हे तिला कसं कळणार? आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. सासरे ‘बैस’, मी ‘बस’, नातू ‘सिट’, असं चाललं होतं तोवर ती गोंधळलेलीच होती.

गिरणी सुरू असताना मोटरच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत. तेव्हा नुसता तळहात वर करते, ती बसते. खरं सांगायचं तर शब्दापेक्षा हाताची खूण ती लवकर शिकली. श्रावणात घरात चिकन नसतं, तेव्हा पनीर नाहीतर उकडलेल्या रताळ्याचे तुकडे. घरात भाकरीवरसुद्धा काम भागतं, पण दारात, रस्त्यावरून दुसरं कुत्रं जात असताना, भाकरीकडे ती ढुंकून बघत नाही. तिथं चांगलं काहीतरी लागतं.

उड्यांचं काय? अंगावर उडी मारली की लोक ओरडतात, ढकलतात, खाली बघतात. तिला तेच हवं असतं. म्हणून काट्याशेजारच्या खिळ्याला मी खाऊचा डबा अडकवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला विनंती केली : तिनं उडी मारली तर पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच बोला, बसली तर एक तुकडा द्या. ज्वारीचं दळण आणणाऱ्या एक आजी पहिल्या दिवशी घाबरल्या होत्या. आता त्या डबा खाली ठेवायच्या आधी तळहात वर करतात. महिना-दीड महिन्यात उड्या थांबल्या. नंतर खाऊ दर वेळी देत नाही, कधी चौथ्यांदा, कधी दुसऱ्यांदा, मध्ये नुसतं ‘छान’ आणि मानेवर खाजवणं. हेल्मेटची भीती मात्र जायला कितीतरी महिने लागले. आधी रिकामं हेल्मेट लांब ओट्यावर ठेवायचं आणि तिला खाऊ द्यायचा. मग रोज वीतभर जवळ.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पोत्यांच्या मागून बाजरी तोंडात मेलेला उंदीर घेऊन बाहेर आली. शेजारच्या दुकानात उंदरांचं औषध टाकलेलं होतं, म्हणजे उंदीर विषानं मेलेला असणार. पूर्वी काही हिसकावायला गेलं की ती पळत पळत गिळून टाकायची. पण ‘सोड’ आम्ही महिनाभर घोटून घेतलं होतं : तोंडात चिंधी, समोर चिकन, चिंधी सोडली की ‘छान’, चिकन, आणि चिंधीही परत. माझे पाय कापत होते. जागेवरून हलले नाही, नेहमीच्याच आवाजात ‘सोड’ म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, उंदीर फरशीवर ठेवला आणि बसली. त्या दिवशी मी डबाच तिच्यापुढे ओतला.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. भाचीनं सांगितलेला, पोर्तुगालमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हिसके, दरडावणी वापरणाऱ्या वर्गांतली कुत्री शिकवणीच्या वेळी जास्त ताणाखाली होती, शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतही ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनंच शिकवावं, चावरी कुत्रीही त्यात आली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. मी त्या माणसाला तीन हजार दिले होते.

तेव्हा वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. कुत्रं शिकवायला माणूस बोलवा, जरूर बोलवा, पण पैसे देण्याआधी त्याला विचारा, ‘कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?’ उत्तरात हिसका, साखळी, ‘एकदा इंगा दाखवावा लागतो’ असं काही आलं तर दारातूनच परत पाठवा. शिकवणी आपल्यासमोर झाली पाहिजे, कुत्रं आठ दिवस कुठं नेऊन ठेवायला देऊ नका. आणि आपल्या पेपरनं एखाद्या पशुवैद्याकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर दुपारी गिरणीवर यावं. हेल्मेट घालून आलात तरी चालेल. फक्त बाजरी बसेपर्यंत दारात थांबावं.

आपली,
एक गिरणीवाली, कराड