बायोटिनच्या गोळ्या आणि कच्ची अंडी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

केस गळतात म्हणून तू घेतेस त्या गोळ्यांच्या डबीचा फोटो पाहिला. एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्वच! मोठ्या माणसाला दिवसाला ३० च्या आसपास पुरतं. एवढं कोणाला लागतं बाप्पा? बाबा किंमत ऐकूनच गप झाले, जेवून उठले तरी बोलले नाहीत.

आणि भरतीच्या ग्राऊंडवरच्या पोरी कच्ची अंडी फोडून पितात, म्हणून तूही सुरू केलंस; वर बलक टाकून देतेस. अंड्यातलं बायोटिन असतं बलकात. कच्च्या पांढऱ्या भागात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला असं घट्ट धरून बसतं की आतड्याला ते शोषताच येत नाही. शिजवलं की ती पकड सुटते. चार दिवसांत काही बिघडत नाही, पण रोज, महिनोन्महिने प्यायलीस तर कमतरता व्हायची. जुलाबाच्या जंतूंची भीती वेगळीच. मेसवाल्या काकूंना सांग, दोन अंडी उकडून द्या म्हणावं, आणि बलकासकट खा.

घरात तुला बायोटिन कमी पडेल असं मला वाटत नाही. शेंगदाणे, रताळी, डाळी, कधीमधी कलेजी, सगळ्यांत थोडंथोडं आहेच. यातलं बायोटिन प्रथिनाला चिकटलेलं असतं, पचताना सुटं होतं आणि लहान आतडं ते घेतं.

केसांचं म्हणशील, तर टायफॉइडमधून उठून तुला अडीच महिने झाले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने जातात, मग आपोआप येतात. मी आशा सेविका म्हणून गावात फिरते, बाळंतिणींचंही हेच पाहते. तरी हिमोग्लोबिन तपासून घे.

आता नीट ऐक. थायरॉइडची तपासणी आहे ना तुझी? या गोळ्यांनी रिपोर्ट खोटा येऊ शकतो, टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीत मोजतात ते संप्रेरक, आहे त्यापेक्षा कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. आमच्या आरोग्य केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, निदान दोन दिवस आधी गोळी बंद पाहिजे. तू आजच बंद कर, आणि रक्त देताना खात होते म्हणून सांग. लाजू नको.

एसटीने भाजलेले दाणे आणि दाण्याची चटणी धाडते आहे. मैत्रिणींनाही दे, नाहीतर एकटीच फस्त करशील. रिपोर्ट आला की आधी मला फोटो टाक.

तुझी आई