‘काका, ही पट्टी मी देणार नाही’

ताई,

पत्राच्या पहिल्याच ओळीला अडलो. वयाने मी तुमच्या वडिलांच्या बरोबरीचा, म्हणजे रीतीप्रमाणे ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायला हवं. पण ज्याचा जीव तुमच्यामुळे ठिकाणावर आला तो आशीर्वाद कुठल्या तोंडाने देणार? म्हणून सा. न. वि. वि. तुमचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास मेडिकल पुष्कळ आहेत. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेलच.

मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या, पावत्या, हिशेब. फेब्रुवारी ते मे हा आमचा हंगाम, त्या दिवसांत घड्याळ सौद्यांच्या हातात असतं. सकाळी चहा, दहाला चहा, सौदे सुटले की चहा. मधे मूठभर भडंग, वर कच्चा कांदा. जेवणाचा डबा उघडायचा तीन-साडेतीनला, संध्याकाळी कुणीतरी कट वडा मागवायचं, आणि रात्रीचं ताट दहाच्या पुढे. ताटावरून उठलो की सरळ अंथरुणावर. मग बाराला छातीत निखारा, घशाशी आंबट, आणि उठून ईनो. गंमत म्हणजे गावातले सगळे मला सांगायचे, ‘हळदीत बसता आणि पित्ताचं काय रडता? कोमट पाण्यातनं चिमूटभर घ्या की.’ तीस वर्षं माझी बोटं पिवळी आहेत. हळदीने पित्त जात असतं तर आमच्या यार्डातल्या हमालांना ढेकरसुद्धा आला नसता.

घरगुती सगळं झालं. थंड दूध, जिऱ्याचं पाणी, मोरावळा, कोकम. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पॅन्टोप्राझोलची गोळी सुरू केली आणि तीच लागली. एका पट्टीत पंधरा. महिन्याला दोन पट्ट्या, वर्षाच्या चोवीस, तीन वर्षांच्या बहात्तर. हा हिशेब मी नंतर मांडला. हिशेब माझा धंदाच, पण स्वतःच्या खिशातून आणि पोटातून काय चाललंय त्याची वही मी कधी ठेवली नव्हती.

त्या दिवशीचं तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही. मार्च महिना, आवक तुंबलेली. मी काउंटरवर नोट ठेवली आणि म्हणालो, ‘पित्ताची एक पट्टी.’ तुम्ही पट्टी काढलीत, हातात धरलीत आणि विचारलंत, ‘चिठ्ठी?’

‘चिठ्ठी कसली ओ, तीन वर्षं घेतोय.’

हे ऐकून तुम्ही पट्टी परत खणात ठेवलीत. ‘मग तर काका, ही पट्टी मी देणार नाही.’

मागे चार गिऱ्हाइकं उभी. आमच्या पेठेत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही, तेही माझ्या पोरीच्या वयाच्या कुणी. पट्टीवरची लाल रेघ दाखवून तुम्ही सांगितलंत की हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मी म्हणालो, सगळे देतात. तुम्ही वाद घातला नाहीत, उलट प्रश्न विचारत गेलात. गोळी कधी घेता? जळायला लागलं की, जेवणानंतर. ‘ही सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पोटातले आम्लाचे पंप अन्न पडलं की जागे होतात, त्याच्या आधी औषध तिथं पोचायला लागतं.’ म्हणजे तीन वर्षं घेत होतो तीसुद्धा चुकीच्या वेळेला! आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? कंबरेसाठी एक, दुखलं की दोन. ती मी दुसऱ्या दुकानातून घ्यायचो, म्हणून तुम्हाला माहीत नव्हती. तिचं नाव ऐकून तुमचा चेहरा बदलला.

मग तुम्ही आवाज खाली आणलात. वजन उतरलंय का? घास अडकतो का? शौचाला काळं होतं का?

ताई, इथं मी खोटं बोललो. मागे दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर शौचाचं काय सांगायचं! ‘काही नाही तसलं,’ म्हणालो, नोट उचलली आणि चार दुकानं पलीकडे जाऊन पट्टी घेतली. तिथं एका शब्दाने कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला ते दुकान भलं वाटलं.

पण तुमचा तो तिसरा प्रश्न काही केल्या जाईना. कारण आठवड्यात दोनदा डांबरासारखं काळं झालं होतं आणि मी ते काळ्या मनुकांवर ढकललं होतं. रात्री दीडला उशी पाठीशी लावून बसलो होतो तेव्हा बायकोला सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, हा तिचा नेहमीचा क्रम. सकाळी यार्डात पोचलो आणि हळदीची पोती तोलतो त्याच काट्यावर उभा राहिलो. 63 किलो. दिवाळीत तिथंच थट्टेत उभा राहिलो होतो तेव्हा 70 भरले होते. पोत्यात सात किलोची तूट आली असती तर मी पेठ डोक्यावर घेतली असती.

त्याच दिवशी मिरज गाठली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6. दुर्बीण घालून बघितलं तर जठरात व्रण, त्यातून थोडंथोडं रक्त झिरपत होतं, तेच काळं होऊन पडत होतं. डॉक्टरांनी दोन कारणं सांगितली. एक, कंबरेच्या वेदनाशामक गोळ्या. त्या जठराच्या आतलं अस्तरच कमकुवत करतात. दुसरं, एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तीन वर्षं मी जळजळीवर पाणी मारत होतो, खाली घर पोखरत होतं.

पोटातल्या आम्लात जंतू राहतो हे मला खरं वाटेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पूर्वी डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली त्या जंतूंचा पेलाच पिऊन टाकला आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. 2005 म्हटलं की आम्हा हळदवाल्यांना महापूर आठवतो, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, पाण्याखाली गेली तो. आता या सालाला मला आणखी एक गोष्ट चिकटली.

चौदा दिवसांच्या कोर्सची चिठ्ठी घेऊन मी मान खाली घालून तुमच्याच काउंटरला आलो. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, माझ्याकडे बघितलंत आणि ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे वाक्य उच्चारलं नाहीत. या एका गोष्टीसाठी वेगळं पत्र लिहायला पाहिजे. प्रत्येक खोक्यावर पेनाने वेळ लिहून दिलीत. तोंडाला तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव यायची. सहाव्या दिवशी मी सोडतो म्हणून आलो, तर म्हणालात, ‘अर्धा सोडला तर उरलेले जंतू शहाणे होतात, मग त्यांच्यावर हे औषध चालत नाही.’ पुरा केला.

सगळ्यात वाईट दिवस त्यापुढे आले. व्रण भरल्यावर जंतू गेला का ते बघायला शौचाची तपासणी करायची होती, आणि तिच्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. बंद केली आणि तिसऱ्या दिवसापासून असं जळायला लागलं की पूर्वीचं बरं. मला वाटलं, सगळं परत आलं. तुम्ही काउंटरच्या बाहेर येऊन समजावलंत: ‘काका, पंप तीन वर्षं दाबून धरले होते. हात काढला की ते जास्तच जोर करतात. ही औषध सोडल्याची जळजळ आहे, उतरते.’ मधल्या दिवसांत साधं पातळ औषध चाललं तर बघू म्हणून माझ्या डॉक्टरांना तुम्हीच फोन लावलात. ते हो म्हणाले तेव्हा कुठे बाटली दिलीत.

तपासणीत जंतू नव्हता.

पूर्ण बरा झालो असं मात्र लिहीत नाही, तुम्ही पकडाल. व्रण गेला, पण आंबट वर येणं हे वेगळं दुखणं निघालं. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप माझी ढिली आहे, तिला गोळीपेक्षा शिस्त लागते. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्यात. नुसत्या उशा चढवून पोट दुमडतं आणि जास्तच वर येतं, हे तुम्हीच सांगितलेलं. पाहुणे विचारतात, खाट वाकडी का? बायको सांगते, ‘ह्यांचं डोकं आधीपासनंच वर आहे.’ डाव्या कुशीवर झोपतो. जेवण साडेसातला, झोप अकराला. हंगामात हे साधणं सोपं नाही, पण शेठजींना रक्ताचा रिपोर्ट दाखवल्यावर त्यांनी एक वाजता डबा उघडायला सुट्टी दिली.

अडचण आली ती संकष्टीची. गणपतीच्या गावात राहायचं आणि संकष्टी मोडायची कशी? दिवसभर उपाशी, दुपारी शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, चंद्र दिसला की मोदकांसकट पोटभर ताट, वर लगेच झोप. पित्ताला यापेक्षा मोठं आमंत्रण नसेल. शेवटी बायकोने माझी संकष्टी आपल्या अंगावर घेतली. मी संध्याकाळी देवळात जाऊन येतो आणि साडेसातला वरणभात खातो. तंबाखू अजून पुरी सुटलेली नाही. दिवसाला दोन चिमटींवर आलोय. ती झडप अजून ढिली करते हे माहीत आहे, तेव्हा पुढच्या वेळी डोळे वटारू नका.

काट्यावर परवा 67 भरले.

येत्या हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याकडची राजापुरी हळकुंडं घेऊन, घरी दळून, पाव किलो तुमच्या काउंटरवर ठेवून जाणार आहे. भाजीत घाला, पित्तावर नको. नाही म्हणायची तुम्हाला सवय आहे हे मला माहीत आहे, म्हणून तुमची जेवणाची सुट्टी असेल तेव्हा येईन.

आपला,
यार्डातला दिवाणजी काका