जिरू गेला त्या आठवड्यात छोट्याला लिहिलेलं पत्र

४ फेब्रुवारी २०१८

प्रिय छोट्या,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी मध्यरात्रीनंतर तुझा मेसेज आला, "जिरू गेला." इतक्या दिवसांनी आलास तो हे दोन शब्द घेऊन. मी जागीच होते. बाबा म्हणाले, लगेच उत्तर दे, नाहीतर परत गप्प होईल. मी "हो ना रे" एवढंच लिहिलं आणि तू खरंच परत गप्प झालास. म्हणून ही लांबलचक मेल. ऑफिसचं काही विचारणार नाही असं बाबांना कबूल केलंय, तुलाही करते. फक्त जिरूबद्दल लिहिणार आहे, आर्सेनल सोडून चेल्सीला गेलेल्या आपल्या त्या फ्रेंच स्ट्रायकरबद्दल.

कालची एव्हर्टनची मॅच बघितलीस का? ५-१. रॅम्सीची हॅटट्रिक, मिखितार्यानचे तीन असिस्ट, ऑबामेयांगचा पहिल्याच मॅचमध्ये गोल. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण समालोचक त्या नव्या मुलाच्या वेगाचं कौतुक करत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं, साडेपाच वर्षं ज्याने पाठीवर बचावपटू झेलले त्याचं नाव कुणीतरी एकदा घ्या. बाबा म्हणतात, क्लब असाच असतो. असेल. मला ते आवडलं नाही.

व्यवहार म्हणून बघितलं तर कळतं. आपल्याला डॉर्टमुंडचा ऑबामेयांग हवा तर त्यांना बदल्यात कुणीतरी स्ट्रायकर हवा, म्हणून चेल्सीचा बात्शुआयी तिकडे गेला, आणि त्याच्या जागी चेल्सीला आपला जिरू. एका दिवसात तीन क्लबांचं जमलं. सुमारे १.८ कोटी पौंड, दीड वर्षाचा करार. तो एकतीस वर्षांचा आहे, जूनमध्ये रशियात वर्ल्ड कप आहे, आणि बेंचवर बसून फ्रान्सच्या संघात जागा टिकवता येत नाही. तो नकोसा झाला म्हणून गेला असं मला वाटत नाही. लाकाझेत हा नवा स्ट्रायकर आल्यावर संघाची खेळायची रीत बदलली आणि त्या रीतीत तो बसेना. या दोन गोष्टींत फार फरक आहे, छोट्या. कुणाला एखाद्या ठिकाणी जागा उरली नाही म्हणजे

जाऊ दे. ते वाक्य पूर्ण करत नाही.

तू झोपतोस ना वेळेवर?

तू त्याच्यावर किती चिडायचास ते मला आठवतंय. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आपला व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला, तू दोन दिवस कुणाशी बोलला नाहीस, आणि लगेच सीझनच्या पहिल्या मॅचमध्ये संडरलँडसमोर हा नवा दाढीवाला एकटा गोलरक्षकासमोर सापडला आणि त्याने बॉल बाहेर मारला. तू म्हणालास, झालं, हे आपलं नशीब. माँपेलिएला त्यांच्या इतिहासातली पहिली लीग जिंकून देऊन आला होता, २१ गोल मारून, पण ते तेव्हा कोण ऐकतंय. मग दरवर्षी उन्हाळा आला की त्याच्या जागी आणायच्या माणसांची यादी. हिग्वाइन येणार म्हणता म्हणता नापोलीला गेला. सुआरेझसाठी आपण देऊ केलेले ते ४ कोटी १ पौंड, त्या वरच्या एका पौंडावरून सगळे हसले. पुढे वार्डीने नाही म्हटलं. मी प्रत्येक वेळी विचार करायचे, हा मुलगा सकाळी सरावाला जात असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल? तुझ्यापेक्षा बरा कुणीतरी शोधतोय आम्ही, मिळेपर्यंत तू खेळ. आणि तो खेळायचा. तोंड वाकडं न करता. ऑगस्टमध्ये लेस्टरविरुद्ध ४-३ झालं तेव्हाही तेच, नवा महागडा लाकाझेत पहिल्या दोन मिनिटांत गोल मारून हिरो झालेला, आणि शेवटी बदली म्हणून येऊन ८५व्या मिनिटाला हेडरने मॅच कुणी जिंकून दिली?

त्याच्या मर्यादा मला दिसत नव्हत्या असं समजू नकोस. तो हळू होता. मोकळी जागा दिली की बचावपटू मागून येऊन त्याला गाठायचे. २०१५ ला चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोविरुद्ध घरच्या मैदानावर त्याने जे गोल घालवले ते मी विसरलेले नाही. १-३ हरलो, परतीच्या मॅचमध्ये त्यानेच पहिला गोल मारला, २-० जिंकून एकूण ३-३ झालं, तरी परक्या मैदानावरचे गोल त्यांचे जास्त म्हणून बाहेर गेलो. आणि लेस्टर लीग जिंकलं त्या वर्षी! जानेवारीत लिव्हरपूलशी ३-३ झालं त्यात याचे दोन गोल, आणि तिथून पुढे लीगमध्ये थेट मे महिन्यापर्यंत एकही नाही. लीग आपल्याला मिळायला हवी होती असं ते वर्ष, तू अजून म्हणतोस. खरंय तुझं. वर्षाला पंचवीस-तीस लीग गोल मारणारा माणूस तिथे हवा होता आणि हा तो नव्हता. पण जो नव्हता त्याचा हिशेब मांडताना जो होता त्याचं काय? त्याच सीझनच्या डिसेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये टिकायला ऑलिंपियाकोसला त्यांच्या घरी दोन गोलांच्या फरकाने हरवायचं होतं, त्याने एकट्याने तीन मारले. आणि शेवटच्या दिवशी ॲस्टन व्हिलाविरुद्ध हॅटट्रिक, तिकडे टॉटनहॅम न्यूकॅसलकडून ५-१ हरलं आणि आपण दुसरे आलो. चार महिने लीगमध्ये कोरडा गेलेला माणूस शेवटच्या दिवशी कशाच्या जोरावर बॉल मागतो, मला सांग.

मी हे तुला का सांगतेय ते तुला कळतंय. म्हणून मी थांबायला हवं. तुमच्या साहेबांनी जे लिहिलं ते मला ताईने सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस, मीच तिला खोदून विचारलं. 'कामाचा आहे, पण पुढे नेण्यासारखा नाही.' करार वाढवला नाही ते मी समजू शकते, त्यांचा धंदा आहे. पण हे वाक्य कागदावर लिहून बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचं? मला तो कागद बघायचा नाही. तू फाडून टाकलास की जपून ठेवलायस एवढंच मला जाणून घ्यायचंय, कारण तू जपून ठेवणाऱ्यातला आहेस. तिसरीतला तो शेरा तू सातवीपर्यंत कंपासपेटीत ठेवला होतास.

माणसाने आपल्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेली ओळ उशाशी घेऊन झोपू नये. सकाळी उठावं, अंघोळ करावी, चार लोकांना फोन करावे, मला काम हवंय म्हणून स्पष्ट सांगावं. लाज कशाची? ज्याला आपल्याला काय येतं ते नीट माहीत आहे त्याने आपल्याला काय येत नाही याची फार चर्चा करत बसू नये. ग्रेनोब्लमध्ये होता तेव्हा जिरूला तिसऱ्या श्रेणीतल्या इस्त्रला लोनवर पाठवलं होतं. मग दुसऱ्या श्रेणीतल्या तूरमध्ये तो लीगचा सर्वाधिक गोल मारणारा झाला, मग माँपेलिए, मग आपण. पंचवीस उलटल्यावर आर्सेनलला आला. तू अजून

झालं माझं सुरू. माफ कर. बाबांनी आत्ता मागून वाचलं आणि नुसते 'हं' म्हणून गेले. तुला माहीतच आहे त्यांचा 'हं'.

तर जिरू. मला फुटबॉल बघायला तूच शिकवलंस, हे तू विसरला असशील. मी आधी फक्त बॉलकडे बघायचे. तू म्हणालास, आई, बॉलकडे नको बघूस, जिरूच्या पाठीकडे बघ. तो गोलकडे पाठ करून उभा राहतो, मागचा धिप्पाड माणूस ढकलत असतो, आणि हा एका स्पर्शात बॉल बाजूच्याला देतो, तेवढ्यात बाकीचे पळायला लागतात. नॉर्विचविरुद्धचा विल्शरचा गोल तू मला थांबवून थांबवून दाखवलास, काझोर्ला, विल्शर, जिरू, आणि जिरूचा तो शेवटचा हलका स्पर्श. गोल विल्शरच्या नावावर. तू म्हणालास, हा नसता तर हा गोलच नव्हता, पण कुणी लिहिणार नाही. तू तेव्हा शाळेत होतास! मी बाबांना रात्री सांगितलं होतं, या मुलाला जे दिसतं ते मोठ्यांना दिसत नाही. आजही माझं मत तेच आहे आणि तुझ्या साहेबांनी शंभर कागद लिहिले तरी तेच राहील.

आणि २०१४ चा एफए कप फायनल. हलविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांत ०-२. नऊ वर्षं काही जिंकलं नव्हतं आपण, तू उशी तोंडावर घेऊन आडवा झालास. आजी तुला म्हणाली, अरे उठ, अजून पुष्कळ वेळ आहे. आजीला मॅच किती मिनिटांची असते तेही माहीत नव्हतं. काझोर्लाची फ्री किक, कोसेल्नीचा गोल, मग जादा वेळ, आणि १०९व्या मिनिटाला जिरूची टाच. गोल न बघता मागे सारलेला बॉल, आणि रॅम्सी तिथे. तू आजीला उचलून फिरवलंस आणि मी ओरडले की तिचा गुडघा! ती म्हणाली, राहू दे गं. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. गेल्या वर्षीच्या फायनलला ती नव्हती. चेल्सीच्या कॉस्टाने बरोबरी केली, जिरू बदली म्हणून उतरला, आणि डावीकडून त्याचा तो क्रॉस रॅम्सीच्या डोक्यावर. मैदानात येऊन मिनिटभर झालं असेल नसेल. तू फोनवर ओरडत होतास, मी इकडे रडत होते, आणि दोघांनीही आजीचं नाव काढलं नाही.

विंचवासारखा पाय मागून वर नेऊन मारलेला पॅलेसविरुद्धचा गोल सगळ्यांनाच लक्षात राहील, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा पुष्काश पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यानंतर दोन दिवसांनी बोर्नमथचं जास्त आठवतं. ०-३ वरून ३-३, शेवटच्या क्षणी याचा हेडर, आणि हा तिकडे विंचवाची नक्कल करत आनंद साजरा करतोय. लोकांनी झोडपलं, अरे बॉल उचल, चौथा मारायला वेळ होता. तूही झोडपलंस. मला वाटलं, करू दे ना रे त्याला. किती वेळा येतो असा क्षण त्याच्या वाट्याला. २०१६ च्या युरोच्या आधी नाँतमध्ये स्वतःच्या देशाच्या लोकांनी त्याला शिट्ट्या मारून हिणवलं होतं, फ्रान्सच्या संघात बेंझेमा नाही म्हणून. त्याच मॅचमध्ये त्याने गोल मारला. मी त्या दिवशी ठरवलं होतं, हा माझा खेळाडू.

२५३ सामने, १०५ गोल, तीन एफए कप. बाबांनी आकडे काढून दिले, मेलमध्ये घाल म्हणाले. घातले.

तुझा फोन चार्ज असतो ना? ताई म्हणते रिंग पूर्ण वाजते आणि मग बंद होते. तू बाहेर असशील, झोपला असशील, मी मनाला पन्नास कारणं देते. पण मला नाना आठवतो, छोट्या. आधी नानाही फोन घ्यायचा नाही. त्यालाही आपण म्हणत होतो, राहू दे थोडा वेळ एकटं. मी याच्यापुढे लिहीत नाही. तू नाना नाहीस हे मला माहीत आहे. पण गप्प राहायची ती घरातली सवय तुझ्यातही आहे आणि रात्री दोन वाजता तिची मला भीती वाटते, त्याला मी काय करू?

नोकरी मिळायला वेळ लागला तर लागू दे. खोलीचं भाडं आहे, बाकीचं आहे, ते बाबा बघतील, त्यात कमीपणा मानू नकोस. इकडे यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर नको येऊस. फक्त रोज एक ओळ. शिवी दे हवी तर. जिरूला दे, आपल्या कोच व्हेंगरना दे, मला दे. ओळ यायला हवी.

उद्या चेल्सीची वॉटफर्डशी मॅच आहे, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. मी बघणार आहे. बाबा म्हणाले, चेल्सीची? या घरात? मी म्हटलं, हो, याच घरात. त्याला उतरवलं तर त्या निळ्या शर्टात कसा दिसतो ते बघायचंय, आणि पहिलं हेडर जिंकला की मी तुला मेसेज करणार. तू चेल्सीची मॅच बघणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मीच सांगत जाईन. आणि शनिवारी वेम्बलीला टॉटनहॅम आहे, संध्याकाळीच आहे, जागायला लागणार नाही. त्या वेळी मी फोन लावीन. मॅचबद्दलच बोलेन. निदान पहिला हाफ तरी.

तुझी,
आई

ता. क. ताईने पाठवलेले पैसे परत करू नकोस. तिने सांगू नको म्हटलं होतं. आणि जिरूच्या बारा नंबरचा तो तुझा लाल शर्ट इथे कपाटात आहे, नानाच्या ट्रंकेवर ठेवला होता तो मी हलवलाय. पाठवू का?