पंखा बंद करणाऱ्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण समोर आलं की आभार मानायच्या आत तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव-पत्ता टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही, आणि टाकलं तर उद्या अर्धं ठाणं तुटक्या गिटारी घेऊन वागळे इस्टेटमध्ये तुमच्या गाळ्यासमोर उभं राहील आणि ओरडा मला बसेल.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. लेक बारा वर्षांची, मे महिन्याची सुट्टी, बाहेर ऊन असं की संध्याकाळी सहाच्या आत उपवनलासुद्धा जायची सोय नाही आणि घरात मोबाईलवरून रोज भांडण. त्यात तिला वेड लागलं ते गिटारच्या आत काय असतं याचं. वाजवायची नव्हती तिला, आत काय असतं ते बघायचं होतं. माळ्यावर तिच्या मामाची कॉलेजातली गिटार पडून होती, कितीतरी पावसाळे खाल्लेली, ब्रिज, म्हणजे तारा अडकवतात ती ठोकळी, एका बाजूने उचकटलेला, पुढची फळी फुगलेली. ती घेऊन आधी एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो. तिथल्या मुलाने केसची चेनसुद्धा पूर्ण उघडली नाही, "मॅडम ये नहीं बनेगा, नया ले लो", आणि लगेच ईएमआयचा कागद पुढे. मग घोडबंदर रोडला एक समर कॅम्प सापडला, स्वतःचं वाद्य स्वतः बनवा म्हणे. फी ऐकून नवऱ्याने विचारलं वाद्य सोन्याचं आहे का. तरी भरली. तिथे पोरांना रेडिमेड युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटारच, दिली आणि वर ॲक्रिलिकने फुलं रंगवायला लावली, झालं वाद्य बनवून! लेकीने विचारलं याच्या आत काय असतं, तर तिथली टीचर म्हणाली "बेटा वो सिलॅबस में नहीं है". पैसे परत मागितले तर सर्टिफिकेट मिळालं, त्यावर नाव पण चुकीचं.

तुमच्याबद्दल कळलं ते आमच्याकडे कपाटाचं काम करायला आलेल्या सुताराकडून. आम्ही आलो त्या दुपारी तुमच्या गाळ्यात पत्र्याखाली अक्षरशः भाजत होतं, चार-पाच गिटारी उघड्या पडलेल्या, एक हार्मोनियम पोट फाडून ठेवलेली, आणि मी मनात म्हटलं की इथेही तेच ऐकायला मिळणार. तुम्ही गिटार हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला काही न विचारता लेकीला विचारलं, "बोल, काय झालंय हिला?" ती म्हणाली मला आत बघायचंय. तुम्ही म्हणालात बघू की, पण आधी ऐकूया, आणि तिला बोटाच्या पेराने पुढच्या फळीवर हळूहळू सगळीकडे ठोकायला लावलंत. पंख्याच्या घरघरीत तिला काही कळेना. तेव्हा तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात.

काका, हे मला कोणालाही समजावता येत नाही. मे महिना, पत्र्याचा गाळा, दुपारचे दोन, आणि एका बारा वर्षांच्या मुलीला लाकडाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून पंखा बंद. तुमच्या कपाळावरून घाम गळत होता, माझा पदर भिजला होता, आणि ती आपली टक टक टक करत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, गाडी डबल पार्क केलीय म्हणून घाईत होतं, त्याला तुम्ही हात करून म्हणालात, "दोन मिनटं थांबा, ती ऐकतेय." तो पण थांबला बिचारा! मग ब्रिजच्या खाली उजव्या बाजूला एका ठिकाणी टकच्या ऐवजी भद् असा आवाज आला आणि तिने मान वर करून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत, तिथे टेपचा छोटा तुकडा चिकटवलात, तारा काढल्यात आणि भोकातून छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च आत घालून तिलाच बघायला दिलंत. आतली एक पट्टी फळीपासून सुटली होती, टेपपासून फार तर दोन बोटं लांब.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं एक दार, एक टेबल ठोकल्याशिवाय राहिलेलं नाही.

नंतर रिपेअर कसं केलंत ते सगळं सांगत बसत नाही, मला अर्धं कळलंही नाही. पण स्टीलच्या सहा तारा मिळून त्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या फळीला साधारण ७० किलोच्या ताणाने ओढत असतात, म्हणजे माझ्या वजनापेक्षा जास्त, आणि ते ओझं पेलायला आतून इंग्रजी एक्स अक्षरासारख्या पट्ट्या लावलेल्या असतात, हे आता मला झोपेतसुद्धा सांगता येईल कारण लेक येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. पट्टी जाड केली तर फळी वाकणार नाही पण आवाज मरतो, पातळ केली तर आवाज मोकळा पण फळी बसते, सगळी गिटार म्हणजे याच दोघांच्या मधली तडजोड, असं तुम्ही रंधा मारता मारता सहज बोलून गेलात. इंजिनिअरिंगची चार वर्षं केली मी, असं कोणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं.

आणि तो तोरेस! स्पेनमधला, बाराव्या वर्षी सुतारकामाला लागलेला, हे ऐकून लेक ताठ बसली. आजच्या क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारचा आकार आणि तिच्या आतल्या, हातपंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांची पद्धत ज्याने पक्की केली तो माणूस, आणि त्याने १८६२ मध्ये एक गिटार बनवली जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या, फक्त पुढची फळी नीट लाकडाची. का, तर आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो हे दाखवायला. ती गिटार अजून बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममध्ये आहे. हे तुम्ही सांगितलंत आणि आमची सुट्टी मार्गी लागली, कारण पुठ्ठा आमच्याकडे काय कमी, ऑनलाइन पार्सलचे खोके गॅलरीत छतापर्यंत. पुढच्या फळीसाठी तिने देवगड हापूसच्या पेटीच्या फळ्या खिळे उपटून वेगळ्या केल्या, तुम्ही त्यातली बरी फळी निवडायला ट्यूबलाइटसमोर धरून रेषा बघायला शिकवलंत, सरळ आणि जवळजवळ रेषा असतील ती घे, गाठ असेल ती टाक. कशी वाजते म्हणाल तर डबा वाजल्यासारखी वाजते, पण वाजते! सुट्टीत पोरांचं काय करायचं म्हणून ग्रुपवर दर दोन दिवसांनी विचारणाऱ्या आयांनो, एक आंब्याची पेटी, पुठ्ठा, मासे पकडायची नायलॉन दोरी आणि पॉलिश पेपर, बास. पसारा होतो, तो आवरायला मात्र मी येणार नाही.

एक गोष्ट अजून सांगायचीय. ब्रिज चिकटवताना लेकीने विचारलं की समोर फेविकॉलचा डबा आहे तर तुम्ही तो सरस का तापवत बसलाय, वास पण येतोय. तुम्ही म्हणालात, उद्या कोणाला हा ब्रिज परत काढायचा झाला तर ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, लाकूड फाटत नाही. म्हणजे वीस वर्षांनी कुठल्या तरी गावात कुठला तरी कारागीर ही गिटार उघडणार, तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखणार नाही, आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही आत्ता वास सहन करताय. ज्यांनी आम्हाला केस न उघडता परत पाठवलं त्यांची आठवण आली मला तेव्हा, येणारच. शहरात सगळे बिझी आहेत हे मला मान्य आहे, मी पण ट्रेनमध्ये कोपर मारूनच चढते, पण समोरच्याचं ऐकून घ्यायला खर्च काय येतो हो? आणि अशी माणसं आहेत अजून, रिक्षा स्टँडवर आहेत, बँकेच्या काउंटरमागे एखादी असते, फक्त ती बोर्ड लावून बसत नाहीत त्यामुळे सापडायला वेळ जातो.

पैशांचं बोलायचंय. तुम्ही तारांचे आणि मजुरीचे म्हणून जे घेतलेत त्यात आजकाल दोघांची मिसळ पण येत नाही. शिकवणीचे विचारले तर म्हणालात, "शिकवलं कुठे, ती बसली होती फक्त." असं चालणार नाही काका. नवरा येऊन देईल तेव्हा चहा सांगून विषय बदलू नका.

गिटार तुम्ही सांगितल्याप्रमाणे केसमध्येच ठेवतोय, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते म्हणालात आणि जुलैत आपल्याकडे हवा ८० च्या वर असते, तेव्हा बघू काय होतं, परत भद् वाजली तर घेऊन येतोच.

आता लेकीचा एक प्रश्न अडलाय. पुठ्ठ्याच्या गिटारीला फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या, कुठे लावायचे ते तुमच्या पद्धतीने काढतेय, तारेची लांबी ६५० मिलिमीटर, भागिले १७.८१७, म्हणजे पहिला फ्रेट साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर, मग जी लांबी उरली तिला परत त्याच आकड्याने भागायचं, असं करत करत बाराव्या फ्रेटला बरोबर अर्धी तार येते, ३२५. ते आलं, कॅल्क्युलेटरवर दोनदा आलं, नाचली घरभर. पण १७.८१७ च का, १८ का नाही, हे तिला कळेना. मी सांगून बघितलं, की बारा पायऱ्यांत आवाज बरोब्बर दुप्पट उंच करायचा आणि प्रत्येक पायरी सारख्याच पटीने चढवायची तर तोच आकडा येतो, १८ धरलं तर बारावा फ्रेट अर्ध्यावर पोचतच नाही, थोडा अलीकडे राहतो. तर म्हणते आई, तू पाठ केलेलं सांगतेयस, काकांना विचारते. शनिवारी येतेय ती, सोबत पेटीच्या अजून दोन फळ्या आणि वर्गातली एक मैत्रीण.